स्फुरद जमिनीत आहे, मग पिकाला का मिळत नाही? मुंबईत राहून गावची शेती पाहणाऱ्यांसाठी

लाल मातीत डीएपीचं, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट या खताचं, अख्खं पोतं रिकामं केलं, तरी त्यातल्या स्फुरदाचा (फॉस्फरसचा) पाचवा हिस्सा त्या हंगामाच्या पिकाला मिळाला तर पुष्कळ झालं. बाकीचा झिरपून जात नाही, उडून जात नाही. तो त्याच मातीत अडकून बसतो. पुढच्या वर्षी पुन्हा पोतं येतं, पुन्हा तेच होतं. दादर, डोंबिवली, विरारला राहून रत्नागिरी, रायगड, पालघरातली शेती सांभाळणाऱ्यांच्या खर्चातला मोठा भाग असाच जमिनीत अडकतो. यावर आणखी पोती हा उपाय नव्हे. स्फुरदाच्या बाबतीत किती टाकलं यापेक्षा कुठे टाकलं, कधी टाकलं आणि कोणत्या मातीत टाकलं याला जास्त महत्त्व आहे.

मातीत तो अडतो कुठे

पीक स्फुरद फक्त पाण्यात विरघळलेल्या रूपात उचलतं, आणि तसा स्फुरद मातीत फार थोडा असतो. मातीतल्या पाण्यात दर लिटरला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम स्फुरद धरला, तर एका हेक्टरच्या वरच्या २० सेंटिमीटर थरात एका वेळी पंचवीस-पन्नास ग्रॅमच विरघळलेला सापडतो. त्याच थरात बांधला गेलेला स्फुरद मात्र शेकडो किलो असतो. हेक्टरी ४ टन भात काढायचा तर पिकाला १० ते १२ किलो मूलद्रव्यी (शुद्ध फॉस्फरस म्हणून मोजलेला) स्फुरद लागतो. म्हणजे तो विरघळलेला पन्नास ग्रॅमचा साठा हंगामात शेकडो वेळा रिकामा होऊन पुन्हा भरला गेला पाहिजे. तो भरण्याचा वेग मंदावला की पीक उपाशी राहतं, मग जमिनीत एकूण साठा कितीही असो.

हा वेग मुख्यतः मातीच्या सामूवर (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल) ठरतो. सामू ५.५ च्या खाली गेला की लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. कोकणच्या जांभ्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच आहे, त्यामुळे तिथे हा त्रास हमखास. सामू ७.५ च्या वर गेला आणि मातीत मोकळी चुनखडी असली की कॅल्शियम हेच काम करतं. घाटावरच्या काळ्या जमिनीत हे दिसतं. ६ ते ७ या पट्ट्यात स्फुरद सगळ्यात मोकळा असतो.

दुसरी अडचण हालचालीची. युरियातला नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येतो. स्फुरद वाहत येत नाही. ओलाव्यातून मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतो. दाणा जिथे पडला तिथून फार तर एखाद-दोन सेंटिमीटर. म्हणून मुळानेच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. माती सुकली तर ती थोडी हालचालही थांबते.

आधी आपली माती ओळखा

एकाच गावात तीन प्रकारच्या जमिनी असू शकतात. डोंगरउताराची वरकस, सपाटीची भातखाचरं आणि खाडीकाठची खार जमीन यांना एकाच मापाने खत देणं चूक आहे. प्रयोगशाळेत जाण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करा: सुक्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घ्या, त्यावर व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका आणि कान जवळ न्या. चरचर आवाज आला, बुडबुडे दिसले तर मोकळी चुनखडी आहे. जांभ्या मातीत असं काही होणार नाही. किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूत मात्र होईल, म्हणजे कोकणातली जमीन आम्लधर्मीच असणार असं गृहीत धरू नका.

पिकाची लक्षणंही बघा. स्फुरद कमी पडला की आधी जुनी, खालची पानं बोलतात: रंग मळकट गडद हिरवा, टोमॅटो-मक्यात पानांच्या खालच्या बाजूला किंवा कडेला जांभळी झाक. भातात फुटवे कमी, पानं अरुंद आणि ताठ, निसवण (लोंब्या बाहेर येणं) उशिरा. पिवळेपणा हे स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण नाही. पीक पिवळं दिसलं म्हणून डीएपी टाकलं आणि हिरवं झालं, तर तो परिणाम बहुधा डीएपीतल्या १८ टक्के नत्राचा असतो. तेवढा नत्र युरियातून बराच स्वस्त पडला असता.

नमुना शिमग्याला काढा

मुंबईकर गावी जातो शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. यातला शिमगा नमुना काढायला उत्तम. रब्बी निघालेली असते, माती सुकी असते, शेवटचं खत देऊन दोन-तीन महिने झालेले असतात आणि पावसाआधी अहवाल हाती येतो. दर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो त्याच महिन्यात नमुना घ्या. भातजमिनीत ओल्या आणि सुक्या अवस्थेत स्फुरदाचा आकडा बदलतो, त्यामुळे मार्चचा अहवाल ऑक्टोबरच्या अहवालाशी ताडून उपयोग नाही.

एकसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा नमुना. नागमोडी चालत ८ ते १० जागा निवडा. बांध, झाडाखालची सावली, शेणाचा उकिरडा, पाला जाळून राब भाजलेली जागा आणि खताची पोती ठेवलेला कोपरा टाळा. वरचा पालापाचोळा बाजूला करून कुदळीने इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून खालपर्यंत, दोन-तीन सेंटिमीटर जाडीची माती खरवडून प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्या. सगळ्या जागांची माती एकत्र मिसळून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरेल ते पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवा. आंब्याच्या बागेत ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर अशा तीन खोलींचे वेगळे नमुने लागतात.

नमुना बिघडतो तो इथून पुढे. खताच्या रिकाम्या पिशवीत भरला, तर अहवालात त्या खताचाच स्फुरद दिसेल. डिटर्जंटच्या डब्याचं आणि राखेच्या हातांचंही तसंच. कोऱ्या कागदावर सावलीत, पंख्याखाली सुकवा. गच्चीवरच्या उन्हात नको. मग कापडी पिशवीत भरून आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका: नाव, गट क्रमांक, मागचं पीक, पुढचं पीक, खोली. नमुना गावच्या जिल्ह्यातल्या कृषी विभागाच्या माती चाचणी प्रयोगशाळेत देणं सोयीचं, कारण तिथल्या शिफारशी तिथल्या पिकांच्या असतात. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, कोसबाडचं आणि रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र यांपैकी जवळ असेल तिथे निघण्याआधी फोन करून तपासणीचे दिवस विचारून घ्या.

अहवाल वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो

पहिलं, पद्धत. आम्ल जमिनीसाठी ब्रे पद्धत, उदासीन आणि विम्ल जमिनीसाठी ओल्सेन पद्धत. दोन्हींत वेगळी रसायनं वापरून स्फुरद ओढून काढतात, म्हणून आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. चुनखडीच्या मातीला ब्रे पद्धत लावली तर तिच्यातलं आम्ल चुन्यातच खर्ची पडतं आणि आकडा खोटा कमी येतो. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल तर विचारा.

दुसरं, एकक. काही अहवाल मूलद्रव्यी स्फुरद देतात, काही फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात. खताच्या पोत्यावर नेहमी पेंटॉक्साइडच असतं. मूलद्रव्याला २.२९ ने गुणलं की पेंटॉक्साइड मिळतं. ओल्सेन पद्धतीने हेक्टरी १० किलोपेक्षा कमी मूलद्रव्यी स्फुरद म्हणजे कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर जास्त, ही देशभर वापरली जाणारी तीन पायऱ्यांची वर्गवारी. अहवालात सहा वर्ग दिलेले असले तर तेच धरा. आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) असेल तर २.२४ ने गुणून हेक्टरी किलो काढा.

आकडा ‘कमी’ आला तर शिफारशीपेक्षा पाव ते निम्मी मात्रा वाढवा. ‘मध्यम’ असेल तर शिफारशीइतकी. ‘जास्त’ असेल तर पाव ते निम्मी कमी करा. हे शेवटचं फारसं कोणी करत नाही, आणि पैसे तिथेच वाचतात.

पोतं आणि गुंठा

कोकणात जमीन गुंठ्यांत असते, शिफारस हेक्टरात. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे, त्यामुळे हिशोब सोपा आहे: हेक्टरी किलोला १०० ने भागा. शिफारशीतला स्फुरदही पोत्यावरच्यासारखा पेंटॉक्साइडच्या रूपात असतो. कडधान्याला हेक्टरी ५० किलो स्फुरद म्हणजे गुंठ्याला अर्धा किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के, म्हणून ३.१ किलो एसएसपी. डीएपीत ४६ टक्के, म्हणून १.१ किलो डीएपी.

दुकानात भाव पोत्याचा सांगतात, तुम्ही किलोभर स्फुरदाचा काढा. पन्नास किलोच्या एसएसपीच्या पोत्यात ८ किलो स्फुरद, शिवाय साडेपाच किलो गंधक आणि कॅल्शियम. डीएपीच्या पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. १०:२६:२६ (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश यांची टक्केवारी) च्या पोत्यात १३ किलो स्फुरद. वाल, भुईमूग, मोहरी यांना गंधक लागतं, म्हणून तिथे एसएसपी सरस. उताराच्या पायवाटेवरून डोक्यावर पोती वाहायची असतील तर डीएपी हलकं पडतं; हाही खराच मुद्दा आहे. ट्रॉम्बेच्या आरसीएफचं सुफला १५:१५:१५ घरोघरी माहीत आहे, पण अशा मिश्र खतांच्या पोत्यावर ‘पाण्यात विरघळणारा स्फुरद’ ही ओळ वेगळी छापलेली असते ती वाचा. अल्प मुदतीच्या भाजीला तो आकडा जितका मोठा तितका बरा.

डीएपी खरं आहे का, याच्या दोन जुन्या चाचण्या आहेत. चार दाणे तळहातावर घेऊन खायच्या चुन्यात चोळा; अमोनियाचा उग्र वास नाकात गेला पाहिजे. दुसरी, तवा मंद आचेवर तापवून त्यावर दाणे टाका. खऱ्या डीएपीचे दाणे फुगतात. संशय राहिला तर पावती आणि नमुना घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे जा.

खत कुठे पडतं

विस्कटून टाकलेला दाणा चहूबाजूंनी मातीत मिसळतो, म्हणजे त्याला धरणाऱ्या लोहाच्या जास्तीत जास्त कणांशी त्याची गाठ पडते. तेच खत ओळीत, पट्ट्याने दिलं की मातीचा थोडाच भाग भरून जातो आणि उरलेला स्फुरद मुळासाठी मोकळा राहतो. आम्ल जमिनीत पट्टा पद्धतीने कमी खतात तेवढंच पीक येतं, याचं कारण एवढंच.

बी पडेल त्या ओळीपासून ५ सेंटिमीटर बाजूला आणि बियांपेक्षा ५ सेंटिमीटर खाली ही जागा धरा. दोन चाड्यांची पाभर (बी आणि खत वेगवेगळं सोडणारं पेरणीचं अवजार) असेल तर काम सोपं. लहान तुकड्यात कुदळीने सरी उघडा, खत टाका, तीन-चार बोटं माती ओढा, मग बाजूने बी टोका. ओळीत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर गुंठ्याला ३.१ किलो एसएसपी म्हणजे ओळीच्या एका मीटरला ९ ते १० ग्रॅम. एकदा वजन करून घेतलेलं लहान माप हातात ठेवा, अंदाजाने टाकू नका. डीएपी बियाला चिकटून पडलं तर दाण्याभोवती अमोनिया तयार होतो आणि कोंब जळतो. ‘बी फसलं’ म्हणून जी ओरड होते तिच्यामागे अनेकदा हेच असतं.

सगळा स्फुरद पेरणीला किंवा लावणीला एकदाच द्यायचा. रोप लहान असताना मुळं तोकडी असतात आणि गरज मोठी असते. युरियासारखे त्याचे हप्ते करू नका.

मिसळण्याचे नियम थोडे आहेत, पण पाळा. एसएसपी आणि युरिया एकत्र करून ठेवले तर लगदा होतो. टाकायच्या वेळीच मिसळा. चुना आणि कोणतंही स्फुरदी खत एकत्र नको. झिंक सल्फेट स्फुरदाच्या द्रावणात टाकलं की साका बसतो, दोन्ही वाया. ठिबकमध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० किंवा ०:५२:३४ एकाच टाकीत घातलं तर तोट्या बंद पडतात. वेगवेगळ्या दिवशी सोडा.

भात, आणि त्यामागून येणारा वाल

उत्तर कोकणातल्या शेतीत स्फुरदाचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. खाचरात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. आम्ल मातीचा सामूही पाण्याखाली वर चढत ६.५ ते ७ कडे सरकतो. म्हणून भाताला वरकस जमिनीतल्या पिकापेक्षा स्फुरद सहज मिळतो, आणि भातासाठी चुना टाकायची सहसा गरज पडत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाणी उतरतं, भात कापला जातो, जमीन सुकते. तेव्हा लोह पुन्हा मूळ रूपात येतं, आणि येतं तेही अगदी बारीक, ताज्या कणांच्या स्वरूपात, ज्यांची स्फुरद पकडायची ताकद आधीपेक्षा जास्त असते. नेमकं याच वेळी आपण अंगओलितावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल पेरतो, तोही बिनखताचा, ‘भाताचं खत उरलंय की’ म्हणून. उरलेला असतो, पण कुलूपबंद. वालाला तर गाठीतल्या जिवाणूंमुळे स्फुरदाची गरज जास्त. गाठी तयार व्हायला आणि नत्र बांधायला लागणारी ऊर्जा स्फुरदाशिवाय मिळत नाही. वेल खुरटतो, शेंगा कमी लागतात, आणि दोष थंडीला किंवा बियाण्याला दिला जातो. पोपटीच्या मडक्यात घालायला भरलेल्या शेंगा हव्या असतील तर स्फुरदाचा वाटा भाताकडून थोडा वालाकडे वळवा.

माती परीक्षणात स्फुरद मध्यम असेल तर अशी वाटणी करा. सुधारित भाताची कोकणातली सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. आकडा मध्यमाच्या वरच्या टोकाला असेल तर भाताचा स्फुरद ३० किलोपर्यंत खाली आणता येतो. वालाला मात्र हेक्टरी ५० किलो पूर्ण द्या: गुंठ्याला ३.१ किलो एसएसपी आणि सोबत ५५० ग्रॅम युरिया. अंगओलितावर वरची माती आधी सुकते, म्हणून खत ७ ते १० सेंटिमीटर खोल गेलं पाहिजे, जिथे ओल टिकते. वर पडलेलं खत मार्चपर्यंत जसंच्या तसं दाण्यांच्या रूपात सापडतं.

भातासाठी युरिया-डीएपी ब्रिकेट (दोन्ही खतं दाबून केलेली गोळी) हा कोकणात रुजलेला उत्तम पर्याय आहे. चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीत रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा जोडअंतरावर लावतात आणि १५ सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनात, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. गुंठ्याला ६२५ ब्रिकेट, म्हणजे सुमारे १.७ किलो. हेक्टरी हिशोबात यातून ३० किलोच्या आसपास स्फुरद आणि ६० किलोच्या आत नत्र जातो. लावणीच्याच दिवशी खोचा. चिखल घट्ट झाल्यावर बोट आत जात नाही आणि ब्रिकेट वरच राहते. जुलैच्या पावसात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात धावतं, तेव्हा विस्कटलेलं खत शेजाऱ्याच्या शेतात जातं. खोचलेली ब्रिकेट जागची हलत नाही.

रोपवाटिकेला कंजुषी नको. गुंठ्याला ३ किलो एसएसपी गादीवाफ्यात मिसळा. इतक्या थोड्या जागेत दिलेला स्फुरद प्रत्येक रोपाबरोबर शेतात जातो. राब भाजल्याने राखेतून थोडा स्फुरद आणि पालाश मिळतो हे खरं, पण त्यासाठी जाळलेला पाला खतात घातला असता तर सेंद्रिय कर्बही वाचला असता.

आणि गणपतीला गावी गेल्यावर पोटरीतल्या (लोंबी अजून पोटात असलेल्या) भाताला डीएपी फेकणं बंद करा. तोवर स्फुरद घ्यायचा काळ सरलेला असतो. त्या वेळी पीक फिकं असेल तर लागतो तो नत्र.

हापूसच्या बागेत

दहा वर्षांपुढच्या हापूसच्या झाडाला दर वर्षी ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो एसएसपी आणि १ किलो पालाशयुक्त खत अशी मात्रा रूढ आहे. लहान झाडाला वयाच्या प्रमाणात, म्हणजे वर्षाला ३०० ग्रॅम एसएसपी वाढवत न्यायचं. देण्याची वेळ पावसाच्या सुरुवातीची. पहिली ओल बसली की लगेच. फांद्यांच्या घेराच्या कडेपासून थोडं आत, ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल बांगडी चर खणा. खाली पालापाचोळा आणि शेणखत, त्यावर खत, वर माती. उतारावर पूर्ण बांगडी नको. वरच्या अंगाला अर्धी बांगडी पुरते, नाहीतर खालच्या अंगाची माती पहिल्याच जोरात सुटते. बुंध्याला खत ओतणं व्यर्थ, तिथे अन्न घेणारी बारीक मुळंच नसतात.

कोकणच्या पावसात स्फुरद झिरपून जात नाही, पण मातीबरोबर वाहून जातो. सगळ्यात बारीक माती आधी वाहते, आणि स्फुरद तिलाच चिकटलेला असतो. त्यामुळे बागेतला दगडी बांध दुरुस्त करणं हा स्फुरदाच्याच खर्चाचा भाग समजा.

लाल मातीच्या बागांमध्ये रॉक फॉस्फेट चालतं. राजस्थानात उदयपूरजवळच्या झामरकोटरा खाणीतली खडकाची भुकटी आम्लात हळूहळू विरघळते, फळझाडासारख्या सावकाश पिकाला ते पुरतं. तीन महिन्यांच्या भाजीला किंवा चुनखडीच्या मातीला ती निरुपयोगी. शेणखताच्या ढिगात थरांनी मिसळून दोन-तीन महिने कुजवून दिली तर काम लवकर होतं.

चुना, शेणखत, जिवाणू

भाजीच्या किंवा रब्बीच्या तुकड्याचा सामू ५.५ च्या खाली असेल तर प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घ्या. पूर्ण मात्रा परवडत नसेल तर तिचा दहावा हिस्सा दर हंगामाला सरीत द्यायची पद्धत आहे. चुना आधी, स्फुरद दोन-तीन आठवड्यांनी. सामू ६.५ च्या पुढे न्यायचा नाही, नाहीतर लोहाच्या जागी कॅल्शियम पहारेकरी होऊन बसेल.

शेणखताचा खरा गुण त्यातल्या स्फुरदात नाही; हेक्टरी १० टनांतून जेमतेम २० ते २५ किलो मिळतो. कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्लं लोहाच्या जागा अडवतात आणि स्फुरद मोकळा राहतो, हा त्याचा मोठा फायदा. म्हणून एसएसपी मूठभर चाळलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्या.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. गुळाच्या पातळ पाण्यात कालवून बियाला चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटावरची मुदत बघा, आणि एसटीच्या टपावर उन्हात ठेवून नेलेलं पाकीट वापरू नका. पीएसबीने खताची गरज संपते हा दावा मात्र मनावर घेऊ नका. सेंद्रिय कर्ब असलेल्या मातीत ते मदत करतात, उजाड वरकसात त्यांना खायलाच काही नसतं. मायकोरायझा बुरशी मुळाची पोच वाढवते. पण पालक, कोबी, मुळा यांच्याशी तिचं जमत नाही, तिथे पैसे घालू नका.

फुलोऱ्यात कडधान्यावर २ टक्के डीएपीची फवारणी करतात: लिटरला २० ग्रॅम, रात्री भिजवून सकाळी वरचं निवळ गाळून. हेक्टरी ५०० लिटर फवारलं तर पिकावर पडतो साडेचार किलो स्फुरद. हे टॉनिक आहे, जेवण नाही.

जास्त झालं की

वसई, उत्तन, गोराईच्या मळ्यांत जिथे वर्षानुवर्षं तबेल्याचं शेण किंवा कोंबडखत पडतं, तिथे उलटी तक्रार असते. शेणखताने नत्राची गरज भागवायला गेलं की स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतो आणि साठत जातो. साठलेला स्फुरद जस्त आणि लोहाची वाट अडवतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसतं. भातात पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ थांबते. अशा वेळी स्फुरदाची सगळी खतं, १९:१९:१९ सुद्धा, दोन-तीन वर्षं बंद ठेवा, नत्र युरियातून द्या आणि भाताला हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्या.

गॅलरीतल्या कुंड्या

मुंबईतल्या गॅलरीत आणि गच्चीवर हाच अतिरेक लहान प्रमाणात चालतो. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. त्यात एक तृतीयांश गांडूळखत घातलं, म्हणजे ५ लिटर, वजनाने सुमारे ३ किलो. त्यात स्फुरद १ टक्क्याच्या आसपास धरला तरी ३० ग्रॅम झाला. तेवढ्या मातीसाठी शेताच्या मापाने अर्धा ग्रॅमसुद्धा पुरतो. कुंडीतल्या पिकाची भूक कित्येक पट धरली आणि हा स्फुरद हळूहळू सुटतो हे लक्षात घेतलं, तरी वर हाडांचा चुरा घालायचं कारण उरत नाही. शिवाय हाडांचा चुरा आम्ल मातीतच विरघळतो. सामू ७ च्या वर असलेल्या कुंडीत तो नुसता पडून राहतो आणि उंदीर-मांजरं माती उकरतात. केळ्याच्या सालींतून मिळतो तो मुख्यतः पालाश, स्फुरद नव्हे.

फक्त कोकोपीट वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोकोपीटमध्ये स्फुरद धरून ठेवणारं काहीच नसतं, पाण्याबरोबर तो तळाच्या भोकातून निघून जातो. तिथे एकदाच भरभरून देण्यापेक्षा १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मिश्रणावर. मोगऱ्याला फुलं येत नाहीत म्हणून स्फुरद वाढवण्याआधी ऊन मोजा. पाच-सहा तासांचं थेट ऊन नसेल तर कुठल्याही खताने कळ्या धरणार नाहीत. माती असलेल्या कुंडीत दर वर्षी मिश्रण बदलताना एक सपाट चहाचा चमचा एसएसपी, सुमारे ५ ग्रॅम, खालच्या निम्म्या थरात मिसळा. गांडूळखत चौथ्या हिस्स्यापेक्षा जास्त असेल तर तेही नको.